लाल ठिपक्याची बाटली

आमची आक्का कधी धावायची नाही. बस सुटली तर सुटू दे, दूध उतू गेलं तर जाऊ दे, बाई आपली एक एक पाऊल मोजत चालणार. अख्ख्या आयुष्यात ती दोनदाच धावली आणि दोन्ही वेळा हॉस्पिटलच्या फाटकापासून थेट घराच्या दारापर्यंत.

पहिल्यांदा धावली तेव्हा छपन्न वर्षांची होती. दारात येऊन धापा टाकत उभी राहिली. बोलता येईना, नुसता हात हलवतेय. धाकटा टेबलाशी चहा पीत बसलेला, तो कप टाकून उठला. मधली शिलाई मशीनवरून उठली. दोघांना वाटलं, कोणीतरी गेलं.

"आले!" आक्का म्हणाली. "म्हणजे येणार! रेसिडेंट येणार आपल्याकडे!"

"कोण येणार?" धाकटा म्हणाला. "आणि त्यासाठी माझा चहा सांडलास?"

ही तीन भावंडं. आई लवकर गेली. तेव्हा आक्का नववीत होती, मधली आठ वर्षांची आणि धाकटा चार. आक्कानं दप्तर खुंटीला लावलं ते लावलंच. पुढे भावंडं मोठी झाल्यावर हॉस्पिटलात लागली, औषधांच्या खिडकीवर मदतनीस. खोकी उघडायची, कपाटं भरायची, बाटल्या पुसायच्या, चिठ्ठीप्रमाणे काढून फार्मासिस्टच्या हातात द्यायच्या. साठ खाटांचं साधं हॉस्पिटल, पण आजूबाजूच्या सगळ्या वस्तीचा भार त्याच्यावर. आक्काला फार्मासिस्ट व्हायचं होतं. हे ती कधी बोलली नाही. पण घरात औषधाची बाटली आली की तिचं लेबल दोनदोनदा वाचायची, आणि वाचून झालं की ओठ मिटून बाटली फळीवर ठेवायची. मधलीला ते कळायचं.

तर रेसिडेंट म्हणजे काय, ते आक्कानं पाणी पिऊन मग सांगितलं. कॉलेज पूर्ण झालेले फार्मासिस्ट. परीक्षा पास, कागद हातात, पण माणसांत वावरायची सवय नाही. ते एक वर्ष हॉस्पिटलात हाताखाली राहून शिकणार. आजवर ते मोठमोठ्या हॉस्पिटलांत जायचे. फार्मसीच्या प्रमुख, त्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणायचे, त्या पाच वर्षं अर्ज करत होत्या. आता कुठे हो आलं होतं.

"पण एकाच वर्षासाठी," आक्का म्हणाली. "वर्षाच्या शेवटी दोन तपासनीस येणार. त्यांना पटलं तर दरवर्षी नवे येतील. नाही पटलं तर बंद. कायमचं बंद. परत अर्ज पण नाही."

"मग पटवू," धाकटा म्हणाला. तो रंगारी. भिंती रंगवायचा. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, आधीचा हात वाळू दे, मग दुसरा मारतो. तो वाळलाच नाही कधी. त्याला दुनियेत कशाचीच काळजी नव्हती, तेवढी आक्का करायची.

दोघं आले. एक मुलगा, एक मुलगी. मुलगा इतका भराभर बोलायचा की पेशंटला वाटायचं रेडिओ लागलाय. आठवड्याभरात त्याचं नाव तुफान पडलं. मुलीचं नाव पडलं मुकी.

मुकी हुशार होती. कॉलेजात पहिली आलेली. कुठलंही औषध विचारा, त्याचे गुण, अवगुण, कशाबरोबर चालतं, कशाबरोबर नाही, सगळं तोंडपाठ. मोठ्या मॅडमना सांगताना घडाघडा सांगायची. पण खिडकीसमोर पेशंट आला की बाई दगड. मान खाली, कानाच्या पाळ्या लाल. पहिल्याच आठवड्यात एका म्हातारीनं विचारलं, ही गोळी जेवणाआधी घेऊ की नंतर? मुकीनं कागदावर लिहिलं आणि कागद खिडकीतून बाहेर सरकवला.

म्हातारीनं कागद उलटा धरला, सुलटा धरला. मग आक्काकडे बघून म्हणाली, "बाई, मला वाचता येत नाही आणि हिला बोलता येत नाही. आमची जोडी छान जमेल."

रांगेतली माणसं हसली. मुकी आत गोदामात गेली ती तासभर बाहेर आली नाही. आक्का आत गेली तर ही खोक्यांच्या मागे बसून रडतेय.

"मावशी, मी सोडून जाते. माझ्यामुळे तुमचं सगळं बंद पडेल."

"जा की," आक्का म्हणाली. "पण आधी ही वरची खोकी खाली काढून दे. माझा हात पोचत नाही."

खोकी काढता काढता आक्कानं तिला विचारून घेतलं. घरी कोण, भीती कशाची. मुकी म्हणाली, पुस्तकात उत्तर ठरलेलं असतं मावशी, माणूस काय बोलेल ते ठरलेलं नसतं.

"मग माणसांची सवय करू," आक्का म्हणाली. "रविवारी घरी ये. त्या तुफानाला पण आण. माझ्याकडे एक असा माणूस आहे, तो काय बोलेल ते त्याला स्वतःला पण माहीत नसतं."

तो माणूस म्हणजे धाकटा!

काय रविवार होते ते! सकाळी दहाला दोघं यायचे. स्वयंपाकघरातलं टेबल म्हणजे औषधाची खिडकी. आक्कानं हॉस्पिटलातल्या टाकाऊ बाटल्या आणून, लेबल खरवडून, उकळून धुतल्या होत्या. त्यात पेपरमिंटच्या गोळ्या. आणि प्रत्येक बाटलीच्या झाकणावर मधलीच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका.

"ऐका सगळे," आक्का म्हणाली होती. "लाल ठिपका म्हणजे पेपरमिंट. या बाटलीत औषध कधी जाणार नाही. कळलं? धाकट्या, तुला विचारतेय."

"कळलं कळलं. लाल ठिपका, पेपरमिंट," धाकटा म्हणाला, आणि दोन तोंडात टाकल्या.

मग तो पेशंट व्हायचा. एका रविवारी ठार बहिरा म्हातारा. एका रविवारी घाईचा माणूस, गाडी बाहेर चालू ठेवून आलेला, एक पाय दारात. एकदा तर उशी छातीशी धरून लेकुरवाळी बाई झाला आणि उशीला ताप आलाय म्हणून असा काही रडला की शेजारीण विचारायला आली, काय झालं. मधली पेशंटची भांडखोर नातेवाईक. ती पण काही कमी नव्हती. "एवढ्या गोळ्या? आमचा माणूस आहे की कपाट?" असं टेबलावर हात आपटून म्हणायची.

तुफानाला धाकटा दर वाक्याला अडवायचा, "काय म्हणालास? परत बोल," आणि तो बिचारा वेग कमी करत करत माणसात आला. मुकीचं अवघड होतं. पहिल्या रविवारी दोनच शब्द बोलली, "हो" आणि "नाही". दुसऱ्या रविवारी चार. तिसऱ्या रविवारी बहिऱ्या म्हाताऱ्यानं तिला विचारलं, "ही गोळी कानात घालायची ना?" आणि ती जी खो खो हसली! हसता हसता म्हणाली, "नाही हो काका, तोंडात, पाण्याबरोबर, सकाळी!" आणि एकदम गप्प झाली. आपण बोललो हे तिचं तिलाच उशिरा कळलं. आक्कानं तिच्यासमोर अख्खी पेपरमिंटची पिशवीच ओतली.

आक्काला औषधांतलं पुस्तकी ज्ञान नव्हतं. पण तीस वर्षं खिडकीत उभं राहून तिला तीन गोष्टी कळल्या होत्या आणि त्या तिनं या दोघांच्या हाडात मुरवल्या. एक, पेशंटला म्हणायचं, पिशवी ओता. घरून आणलेली सगळी औषधं टेबलावर. दुसरं, लेबलवर जाऊ नका, झाकण उघडून आत बघा. माणसं एका डबीतलं दुसऱ्या डबीत भरतात, डबी सुंदर आहे म्हणून, झाकण सोपं आहे म्हणून, पहिली नातवानं खेळायला नेली म्हणून. तिसरं, सगळं सांगून झालं की त्यालाच विचारायचं, सांगा बघू, आता घरी जाऊन काय करणार? तो जे बोलेल त्यावरून कळतं, आपण काय सांगितलं ते.

"आणि मावशी, पेशंट खोटं बोलत असला तर?" तुफानानं एकदा विचारलं.

"खिडकीसमोर उभा आहे तो पेशंट," आक्का म्हणाली. "खरा की खोटा ते डॉक्टर बघतील. तू त्याची पिशवी बघ."

असं वर्ष सरत आलं. मधे धाकटा तीन आठवडे दुसऱ्या शहरात कामाला गेला, एका शाळेच्या इमारतीला रंग द्यायला. परत आला तर जरा उतरलेला दिसत होता. दमलास का विचारलं तर म्हणाला, शाळेच्या भिंती संपतच नाहीत. आल्यावरच्या दुसऱ्या रविवारी त्यानं नवीन पेशंट केला. खुर्चीत कलंडून बसला. "काय सांगू पोरी, काही दिवस झाले, गरगरतंय. दात घासले की रक्त येतं." मुकीनं पिशवी ओतायला लावली, बाटली उघडली, पेपरमिंट बघितल्या आणि म्हणाली, "काका, हे असं होत असेल तर घरी थांबायचं नाही. आजच्या आज डॉक्टर." धाकट्यानं टाळी वाजवली. "पास! पास!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आक्कानं तर मुकीच्या डोक्यावरून हात फिरवला.

तपासणी गुरुवारी होती.

गुरुवारी आक्का पहाटेच उठून गेली. कपाटांच्या कडा पुन्हा पुसल्या. औषधांच्या फ्रिजच्या थर्मामीटरला तर तिनं तीनदा नमस्कार केल्यासारखं वाकून पाहिलं. मोठ्या मॅडम सारख्या चष्मा काढत होत्या आणि घालत होत्या. दहाला तपासनीस आले. एक उंच साहेब, पांढऱ्या मिशा. एक बाई, हातात जाड वही. बाई काही बोलायच्या नाहीत, नुसतं लिहायच्या.

कपाटं बघितली, फ्रिज बघितला, नोंदी बघितल्या. तुफानाला पंधरा प्रश्न विचारले. त्यानं पंधराही बरोबर सांगितले आणि एकदाच वेग धरला, तेव्हा स्वतःच थांबून म्हणाला, "माफ करा, परत सांगतो." साहेब मिशीत हसले. मोठ्या मॅडमनी चष्मा घातला तो काढला नाही. आक्काला वाटलं, झालं! जमलं!

तेवढ्यात साहेब मुकीकडे वळले. "आता या खिडकीवर जो पुढचा पेशंट येईल, त्याच्याशी तुम्ही बोलायचं. आम्ही ऐकू. बाकी कोणी मध्ये एक शब्द बोलायचा नाही."

आक्का कपाटाला टेकून उभी राहिली. मनात म्हणाली, कोणी पण येऊ दे, फक्त ती कागदवाली म्हातारी नको.

खिडकीत आला धाकटा.

रंगाचे शिंतोडे उडालेली पॅंट, काखेत कापडी पिशवी. खिडकीच्या कडेला दोन्ही हातांनी धरून उभा.

हा मूर्ख मदत करायला आला! आजच्या दिवशी! तपासनिसांना कळलं की हा मदतनिसाचा भाऊ, वर्षभर रविवारी याच्यावरच सराव केलाय, तर ते काय म्हणतील? ठरवून उभा केलाय म्हणतील. वर्ष गेलं, रेसिडेंट गेले, मोठ्या मॅडमची पाच वर्षं गेली. आक्कानं डोळे मोठे करून त्याला खुणावलं, जा, निघ! धाकटा तिच्याकडे बघेचना.

"काय सांगू पोरी," तो म्हणाला. "काही दिवस झाले, गरगरतंय. दात घासले की रक्त येतं."

रविवारचंच वाक्य! शब्दाला शब्द! आक्काला वाटलं खिडकीतून हात घालून याचा कान उपटावा.

मुकीनं वळून आक्काकडे बघितलं. आक्कानं मान फिरवली. काय करणार होती? बोलायचं नाही असं सांगितलेलं, आणि बोललं तरी घात.

मग बाजूचं दार उघडल्याचा आवाज आला. मुकी बाहेर गेली होती. तिनं स्टूल ओढलं आणि धाकट्याच्या मागे ठेवलं. "काका, आधी बसा. मग बोलू." रविवारी सगळे बसलेलेच असायचे, स्टुलाचा प्रश्नच नव्हता. तिला ते कुठून सुचलं कोण जाणे.

"पिशवी ओता," ती म्हणाली. मोठ्यानं, स्वच्छ.

धाकट्यानं पिशवी खिडकीच्या फळीवर उलटी केली. रुमाल, किल्ल्या, एक छोटा ब्रश आणि घरंगळत आली बाटली. झाकणावर लाल ठिपका.

आक्कानं डोळे मिटले. आता ही झाकण उघडणार, पेपरमिंट सांडणार आणि सगळ्या हॉस्पिटलसमोर तमाशा. मुकीनं पण तो ठिपका बघितला. तिचा हात थांबला. वहीवाल्या बाईंचं पेन पण थांबलं.

मग झाकण उघडल्याचा आवाज आला. खिडकीतल्या गोळ्या मोजायच्या ट्रेमध्ये काहीतरी खडखडलं. पेपरमिंट अशा वाजत नाहीत. तीस वर्षं गोळ्यांचा आवाज ऐकलेली बाई ती. आक्कानं डोळे उघडले.

ट्रेमध्ये गोळ्या होत्या. खऱ्या. काही गुलाबी, काही पिवळ्या.

मुकीनं एक उचलली, उलटी केली, त्यावरचं बारीक अक्षर वाचलं. दुसरी उचलली, वाचलं. "काका, गुलाबी कधी घेता?"

"सकाळी. हृदयाचे ठोके चुकतात म्हणून. इथूनच आक्का आणते ती."

"आणि पिवळी?"

"ती तिकडच्या डॉक्टरनं दिली. कामावर होतो तिथे. माझ्या संपल्या होत्या ना. ती रात्री घेतो."

"तिकडून येऊन किती दिवस झाले?"

"बारा दिवस."

"बारा दिवस दोन्ही घेताय?"

"रंग वेगळा आहे ना," धाकटा म्हणाला. "मला वाटलं, वेगळं औषध."

"काका, दोन्ही एकच आहेत. रक्त पातळ करायची गोळी. दोन कंपन्यांची. तुम्ही दुप्पट घेताय." मुकीनं त्याची बाही वर केली. कोपरापासून वर काळेनिळे डाग. एक एक डाग तळहाताएवढा. "हे कुठे आपटलं?"

"कुठेच नाही."

"आज शिडीवर चढला होता?"

धाकट्यानं पॅंटवरचा ओला रंग हातानं झाकला.

"उठायचं नाही," मुकी म्हणाली. आणि मग ती मुलगी काय कडाडली! "तुफान, चाकाची खुर्ची आण! डॉक्टरांना फोन लावा, रक्ताची तपासणी आत्ता करायची म्हणावं, आत्ता, रांगेत नाही! काका, डोकं टेकवा माझ्या हाताला." साहेब दोन पावलं मागे सरले. मोठ्या मॅडमनी स्वतः फोन उचलला. मुकी बोलत होती! कागद नाही, काही नाही, अख्खा व्हरांडा ऐकत होता!

आक्का खिडकी सोडून बाहेर आली. नियम गेला चुलीत. "धाकट्या, खरंच रे?"

"खरंच गं आक्का," धाकटा म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "आज नाटक नाही. रविवारी पण नव्हतं. म्हटलं, ही पोरगी काय म्हणते बघू. ही म्हणाली आजच्या आज डॉक्टर. मी घाबरलो आणि टाळ्या वाजवल्या."

"आणि ती बाटली?"

"आपल्या औषधाच्या बाटलीचं झाकण दाबून फिरवावं लागतं ना. थिनरनं बोटं फाटलीत माझी. तुझ्या बाटलीचं झाकण सोपं."

आक्कानं त्याच्या डोक्यात एक टपली मारायला हात उचलला आणि तो हात तसाच त्याच्या केसांवर ठेवला.

रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस असंच चाललं असतं तर काही सांगता आलं नसतं. उतारा दिला, दोन दिवस ठेवून घेतलं. संध्याकाळपर्यंत धाकटा वॉर्डमधल्या नर्सला बहिऱ्या म्हाताऱ्याची नक्कल करून दाखवत होता, म्हणजे जीव वाचला हे सगळ्यांना कळलं.

पण ते संध्याकाळी. त्याआधी दुपारी तपासनीस निघाले, तेव्हा आक्का त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मोठ्या मॅडम मागून मान हलवत होत्या, नको, नको. आक्कानं पाहिलं नाही.

"साहेब, तो माझा भाऊ. दर रविवारी आमच्या घरी तोच यांचा पेशंट असायचा. आणि ती लाल ठिपक्याची बाटली माझी. सरावाची. औषधाच्या बाटल्या मी घरी नेल्या म्हणून त्यानं त्यात औषध भरलं. चूक माझी आहे. या पोरांची नाही, मॅडमची नाही."

साहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. पहिल्यांदाच वहीवाल्या बाई बोलल्या. "म्हणजे तो आला तेव्हा तुम्हाला नाटक वाटलं?"

"हो."

"आणि तुम्ही गप्प राहिलात?"

"घाबरले. वाटलं, तुम्ही बंद कराल." आक्कानं वॉर्डच्या दिशेनं बघितलं. "माझा भाऊ समोर मरत होता आणि मी हॉस्पिटलची काळजी करत होते."

बाईंनी मुकीकडे बघितलं. "आणि तुम्हाला काय वाटलं?"

मुकीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मला पण नाटकच वाटलं, मॅडम."

मोठ्या मॅडमनी चष्मा काढला.

"मग स्टूल का दिलंत? बाटली का उघडलीत?"

"मावशी म्हणतात, खिडकीसमोर उभा आहे तो पेशंट. रविवारी तेच आणि आज पण तेच. नाटक असतं तर पेपरमिंट निघाली असती. खाल्ली असती एक."

उंच साहेब असे हसले की त्यांना खोकला आला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं, बराच वेळ लिहिलं, वही मिटली आणि निघून गेल्या.

मग वाट बघणं आलं. धाकटा घरी आला त्याच दिवशी आक्कानं घरातल्या सगळ्या लाल ठिपक्याच्या बाटल्या गोळा करून फोडून टाकल्या. मधलीची नेलपॉलिश पण कचऱ्यात गेली. "तिनं काय केलं होतं?" मधली म्हणाली. धाकटा पलंगावरून ओरडला, "अगं पेपरमिंट तरी ठेव!" आक्का त्याच्याशी एक अख्खा दिवस बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी स्वतः गोळी तळहातावर घेऊन त्याच्यासमोर उभी राहायला लागली. एक गोळी, एक रंग, तो गिळेपर्यंत हलायची नाही. तो म्हणायचा, गिळली गं, तोंड उघडून दाखवू का? ती म्हणायची, दाखव.

अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी आक्का दुसऱ्यांदा धावली.

मधलीनं खिडकीतून बघितलं तर आक्का रस्त्यावरून धावतेय, हातात कागद, चप्पल एकच पायात! दुसरी फाटकाशीच राहिली. मागून तुफान दुसरी चप्पल घेऊन धावतोय, त्याच्या मागे मुकी, आणि मुकी सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी ओरडतेय, "मावशी, पडाल! मावशी, हळू!"

कागदावर लिहिलं होतं, मंजूर. दरवर्षी दोन. खाली वहीवाल्या बाईंच्या अक्षरात एकच अट होती, सराव औषधाच्या बाटल्यांत करू नये, त्यासाठी वेगळं काही वापरावं. त्याखाली आणखी एक ओळ, ती अट नव्हती: रविवार बंद करू नयेत.

मग मधलीच्या बटणांचे डबे टेबलावर आले. गोळ्या म्हणजे बटणं. तीन वर्षं झाली, चार झाली, सहा झाली. बारा जण त्या टेबलाशी शिकून गेले. लांब लांब गेले. मुकी मात्र गेली नाही. याच हॉस्पिटलात राहिली आणि मोठ्या मॅडमनंतर नव्यांना शिकवायचं काम तिच्याकडे आलं. आता तिला कोणी मुकी म्हटलं की नवे रेसिडेंट विचारतात, का? आणि सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही.

आक्का या वर्षी गेली. बुधवारी. आठच दिवस आजारी होती, शेवटपर्यंत नर्सला विचारत होती, ही कुठली गोळी, दाखव बघू.

चारच दिवसांनी, रविवारी सकाळी दहाला दारावर टकटक झाली. मधलीनं उघडलं. दारात नवे दोघं, एक मुलगी, एक मुलगा, कावरेबावरे. मागे मुकी.

"यांचा पहिला रविवार आहे," मुकी म्हणाली. "परत जा म्हणालात तर जातो, मावशी." ती मधलीला पण मावशीच म्हणायची.

मधली बाजूला झाली. सगळे टेबलाशी बसले. आक्काची खुर्ची कोणी घेतली नाही, मग मुकीच जाऊन तिच्यात बसली, नाहीतर ती तशीच राहिली असती. धाकटा समोर. त्याच्या हातात बटणांचा डबा. तो उघडेना.

"आज नाही जमणार गं नाटक," तो म्हणाला.

"मी नाटक म्हटलंच नाही," मुकी म्हणाली. "काका, पिशवी ओता. खरी."

धाकटा उठला, फळीवरून आपली गोळ्यांची बाटली आणली आणि टेबलावर ओतली. मुकीनं एका बोटानं गोळ्या एक एक करून मोजल्या, बाटलीवरच्या तारखेशी ताडून पाहिल्या. नवी मुलगी वाकून बघत होती.

"चार जास्त आहेत," मुकी म्हणाली.

मधली बोटांवर दिवस मोजायला लागली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. मधलीनं तोंडावर हात ठेवला. तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"आक्का द्यायची ना हातावर," धाकटा म्हणाला. "मी नुसता हात पुढे करायचो. आजारी पडली तरी विचारायची, घेतलीस? ती गेली आणि मी..."

मुकी उठली, पेला भरून आणला, एक गोळी त्याच्या तळहातावर ठेवली आणि समोर उभी राहिली. तो गिळेपर्यंत हलली नाही.

"चार राहिल्या म्हणून चार घ्यायच्या नाहीत," ती म्हणाली. "एकच. आणि उद्या सकाळी खिडकीवर यायचं, रक्त तपासायला. आता सांगा बघू, उद्या उठून काय करणार?"

"हात पुढे करणार," धाकटा म्हणाला. आणि पुसट हसला.

"कोणापुढे?"

"स्वतःपुढे. गोळी घेणार, मग खिडकीवर येणार."

"शाबास," मधली म्हणाली, डोळे पुसत. "आणि मी तुझं तोंड उघडून बघणार आहे."

मुकी त्या नव्या मुलीकडे वळली. "आता तू. हे पेशंट. विचार."

मुलगी पुढे सरकली, घसा साफ केला, इतकं हळू बोलली की शेजारी बसलेल्याला पण ऐकू गेलं नाही. धाकट्यानं तिच्याकडे बघितलं. मग पाठ वाकवली, कानामागे हात धरला, डोळे बारीक केले.

"काय म्हणालीस?" तो ओरडला. "मोठ्यानं बोल! ही गोळी कानात घालायची ना?"

मुलगी दचकली. मग खुर्ची ओढून जवळ आली आणि मोठ्यानं म्हणाली, "नाही काका. आधी पिशवी ओता."